नोंदीतली दोन वाक्यं

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी एक वाजून त्रेचाळीस मिनिटांनी नववी ब च्या वर्गाची कडी बाहेरून लागली. ती दोन वाजून दहा मिनिटांनी निघाली. मधली सत्तावीस मिनिटं वर्गात छत्तीस विद्यार्थी आणि एक शिक्षिका होती. शिक्षिका मी होते.

शाळा लालबागमधली, मराठी माध्यमाची, दुपारच्या सत्राची. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. शेजारच्या जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहत होता आणि त्याचं पायलिंग, म्हणजे पायाचे खांब ठोकणं, दिवसभर चाले. त्या आवाजामुळे या मजल्यावर सगळे दार लोटूनच शिकवत. दाराला आतून बोल्ट नव्हता. मुलं वर्ग आतून बंद करून बसतात अशी तक्रार आल्यावर काही वर्षांपूर्वी सगळ्या वर्गांचे बोल्ट काढून टाकले होते. बाहेरच्या कड्या राहिल्या.

कडी त्याच वर्गातल्या एका मुलीने लावली. पाच मिनिटांपूर्वी मी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं.

ती चौदा वर्षांची, घोडपदेवला राहणारी. आई परळच्या एका रुग्णालयात आया, वडील शिवडीच्या गोदामातल्या टेम्पोवर. गणित आणि विज्ञानात ती कच्ची होती, मराठीत बरी. नकला करण्यात मात्र शाळेत तिच्या जवळपास कुणी नव्हतं. मी शिक्षिका होण्याआधी अकरा वर्षं एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. आमची आवृत्ती बंद झाली, बी.एड. आधीच केलेलं होतं, म्हणून इथे आले. हे मुलांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. माझ्या हातातला खडू तुटला की दुसऱ्या रांगेतून वृत्तनिवेदिकेचा आवाज येई : “आत्ताच हाती आलेल्या वृत्तानुसार बाईंचा खडू तुटला आहे. घटनास्थळी तणावपूर्ण शांतता.” वर्ग हसे. पहिल्या दोन वेळा मीही हसले.

नंतर हसू थांबवणं अवघड गेलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांच्या जागा बदलल्या. तास सुरू होण्याआधी दारात उभी राहून एकेकाला नावाने हाक मारून आत घेऊ लागले. त्यामुळे गडबड दारातच निम्मी होई. त्या मुलीकडे मी खडूची पेटी दिली. रोज तासाआधी स्टाफरूममधून पेटी आणायची, तास संपला की उरलेले खडू मोजून परत ठेवायचे. तीन आठवडे एकही बातमी आली नाही. डिसेंबरमध्ये मुख्याध्यापिकांनी मुलांना स्टाफरूममध्ये पाठवायला बंदी केली. त्यांना शाळेत सगळे मोठ्या बाई म्हणत. पेटी शिपायाकडे गेली. बातम्या दोन दिवसांत परत सुरू झाल्या.

त्या मंगळवारी मी फळ्यावर लिहीत होते. मागून आवाज आला : “विश्वसनीय सूत्रांकडून असं समजतं, की बाईंची नोकरी जूनपर्यंतच आहे.”

माझी नेमणूक तासिका तत्त्वावर होती. म्हणजे तासांप्रमाणे, वर्षापुरती. दर जूनमध्ये संस्था ती पुढे चालवायची की नाही ते ठरवत असे. बातमी बरोबर होती. या वेळी वर्ग लगेच हसला नाही. आधी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हसले.

मी तिला तास संपेपर्यंत बाहेर उभं राहायला सांगितलं. दारात थांबून तिने विचारलं, “थेट प्रक्षेपण बाहेरून करू का, बाई?” मी दार लोटलं.

विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभं करायचं नाही, अशी लेखी सूचना स्टाफरूमच्या फलकावर होती आणि तिच्याखाली आम्हा सगळ्यांच्या सह्या होत्या. सगळेच शिक्षक मुलांना बाहेर उभं करत. कागदावर मात्र ते कुणी आणत नसे.

दार बंद आहे हे एक पन्नासला कळलं. एका मुलीला बाहेर जायचं होतं आणि तिने ओढूनही दार उघडेना. मी ओढून पाहिलं. मग दार वाजवलं, मग मुलांनी वाजवलं. पायलिंगच्या आवाजात ते कुणाच्या कानावर जाणं शक्य नव्हतं. शेजारचा वर्ग पी.टी.साठी मैदानावर होता. शिक्षकांनी वर्गात फोन न्यायचा नाही असा नियम होता, त्यामुळे माझा फोन स्टाफरूममधल्या कपाटात होता. मुलांकडे फोन नसतातच असं नाही. मी दोनदा विचारलं, कुणी काढून दिला नाही.

पहिली पाच-सात मिनिटं मुलं खुशीत होती. पाच मुलं खिडकीच्या गजांतून रुमाल हलवत टॉवरच्या कामगारांना ओरडून सांगत होती. टॉवरच्या आधी उठलेल्या भागाच्या स्लॅबवरच्या कामगारांनी काम थांबवून हात हलवले. एकाने मोबाइल काढून आमचं चित्रीकरण केलं. “अरे भय्या, दरवाजा, दरवाजा,” असं मुलं ओरडत होती आणि ते अंगठा दाखवत होते. तीन मुलं खांदा लावून दार तोडायला निघाली, त्यांना मी मागे घेतलं. त्यानंतर आवाज कमी होत गेला. एका मुलाला दम्याचा त्रास होता, त्याने दप्तरातला पंप काढून घेतला आणि तो खिडकीपाशी बसला. दोन मुली रडू लागल्या. जिला बाहेर जायचं होतं, ती शेवटच्या बाकावर डोकं टेकून बसली. तिला कुणी चिडवलं नाही. मी शिकवायचा प्रयत्न केला आणि चार ओळींनंतर सोडून दिला. बाहेर उभी केलेली मुलगी कुठे गेली, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता.

दोन दहाला घंटा झाली. पुढच्या तासाला आलेल्या इतिहासाच्या बाईंनी कडी काढली आणि विचारलं, “आज सगळ्यांना कोंडून शिकवताय का?”

काय घडलं ते संध्याकाळपर्यंत स्पष्ट झालं. डेस्कवरच्या सवयीने मी मुलगी आणि ऑफिसातले क्लार्क, दोघांकडून वेगवेगळं विचारून घेतलं. मुलीने सांगितलं, की कडी गंमत म्हणून लावली, मी दार वाजवलं की लगेच काढायची होती. “तुम्ही मला बाहेर ठेवलं, मी तुम्हाला आत ठेवलं, एवढंच होतं बाई.” पण तेवढ्यात मोठ्या बाई फेरीवर आल्या. व्हरांड्यात मुलगी उभी दिसली म्हणून त्यांनी तिला दंडाला धरून खाली नेलं आणि ऑफिसात कपाटाशेजारी बसवलं. त्या फोनवर होत्या. मुलगी दोनदा म्हणाली, की बाई, मला वर जायचंय. दोन्ही वेळा तिला गप्प बसायला सांगण्यात आलं. कडीचं का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, “सांगितलं असतं तर अजून ओरडा पडला असता. मला वाटलं, सोडतील लगेच.”

ऑफिसातले क्लार्क तिथेच बसतात. त्यांनी मुलीच्या म्हणण्याला दुजोरा दिला. दोनदाच विचारलं, तिसऱ्यांदा ती रडत होती, असंही म्हणाले.

शाळेत वर्तन नोंदवही असते. पानांवर छापील क्रमांक, चार रकाने : दिनांक, विद्यार्थ्याचं नाव, बाब, कार्यवाही. बाकीच्यांच्या नोंदी दोन ओळींच्या असत : वर्गात व्यत्यय आणला, समज दिली. माझी नोंद अकरा ओळींची झाली. वेळा, उपस्थित संख्या, मुलगी काय म्हणाली ते अवतरणात. त्यात ही दोन वाक्यं होती : “शिक्षिकेने विद्यार्थिनीस १.३८ वाजता वर्गाबाहेर उभे केले.” “कार्यालयात बसवले असता विद्यार्थिनीने वर्गाकडे परत जाण्याची परवानगी दोन वेळा मागितली, ती देण्यात आली नाही.”

विज्ञानाचे सर तिथे बावीस वर्षं होते. त्यांनी माझी नोंद वाचली आणि वही बंद केली. म्हणाले, “बाई, ही पेपरची बातमी झाली. इथे जे लिहाल ते तुमच्याकडेच येतं परत. दोन ओळी लिहायच्या, डबा खायचा.”

बुधवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. त्यांचा आवाज शांत होता. नोंद वाचून त्यांनी त्या दोन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.

“तुम्ही पेपरात होतात ना. जागा कमी पडली की ओळी कापायचात. या दोन कापा.”

मी म्हणाले, की बाकी सगळं या दोन ओळींवर उभं आहे.

“पहिली राहिली तर तुमच्यावर येतं. दुसरी राहिली तर माझ्यावर. आणि जूनमध्ये तुमची फाइल वर मीच पाठवते.” मग त्या म्हणाल्या, “खोटं लिहा असं मी सांगत नाहीये. एक अक्षर खोटं नको.”

डेस्कवर हे काम मी रोज केलं होतं. जाहिरात आली की बातमीतली दोन वाक्यं जात. उरलेलं सगळं खरं असे आणि सकाळी कुणाची तक्रार येत नसे. मी स्टाफरूममध्ये बसून नऊ ओळींची नोंद वेगळ्या कागदावर लिहून काढली. त्याला सात मिनिटं लागली. वहीचं पान फाडता येत नव्हतं, म्हणून क्लार्कनी तो कागद जुन्या नोंदीवर डिंकाने चिकटवला. खाली मी सही केली.

कापलेल्या नोंदीत एवढंच उरलं, की वर्ग चालू असताना विद्यार्थिनीने बाहेरून कडी लावली, ती तिथून निघून गेली आणि सत्तावीस मिनिटं कुणाला सांगितलं नाही.

शनिवारी आईला बोलावलं होतं. ती ड्यूटीवरून तशीच आली होती, हातात पिशवी, पिशवीत डबा. मुलगी तिच्या शेजारी उभी. मोठ्या बाईंनी नोंद वाचून दाखवली आणि मुलीला विचारलं, हे खरं आहे का. मुलीने एकेक वाक्य ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. ती म्हणाली, “हो.”

मग मोठ्या बाईंनी निर्णय सांगितला. नववीत तिला पास करू. दहावीला शाळेत ठेवता येणार नाही. दाखला घेऊन सतरा नंबरचा फॉर्म भरावा. म्हणजे शाळेत न येता, बाहेरून दहावीला बसावं. असे विद्यार्थी शाळेच्या निकालात धरले जात नाहीत. आमच्या शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा फलक होता आणि दर वर्षी सहामाहीनंतर नववीतल्या काही नावांची एक यादी तयार होई. तिचं नाव त्या यादीत नोव्हेंबरपासून होतं. ते मला त्या शनिवारी, ऑफिसात उभी असताना, टेबलावरच्या कागदावर दिसलं. नावापुढे कारणाची जागा कोरी होती.

आई म्हणाली, “बाई, पोरगी तोंडाळ आहे, मान्य आहे मला. पण बाहेरून म्हणजे ही घरीच बसणार. घरी बसली की संपलं. आमच्या चाळीत तीन पोरी आहेत तसल्या, सतरा नंबरवाल्या. एकीने पण पेपर दिला नाही.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही हिच्या वर्गाच्या. तुम्ही सांगा ना, बाई. ही असं मुद्दाम करेल का?”

मी म्हणाले, “नोंद बरोबर आहे.”

आईने मान हलवली आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

सोमवारपासून नववी ब शांत झाली. मी दारात उभी राहून नावं घेत होते, मुलं “हो बाई” म्हणून आत जात होती. खडू तुटला तर कुणी काही बोलत नसे. ती मुलगी दुसऱ्या बाकावर बसे, वही काढी, फळ्यावरचं उतरवून घेई. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, की वर्ग आता तुमच्या ताब्यात आलाय. विज्ञानाच्या सरांनी विचारलं, काय औषध दिलंत.

दार मी उघडं ठेवू लागले होते. पायलिंगच्या आवाजात शेवटच्या बाकापर्यंत काही पोचत नसे, तरी कुणी गडबड करत नव्हतं.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी मी घोडपदेवला गेले. चाळीचा दुसरा मजला. दार मुलीने उघडलं आणि ती दारातच थांबली. आतून आजीने विचारलं, कोण आलंय. शाळेच्या बाई म्हटल्यावर ती म्हणाली, “बाईंका आत घे गो, चाय ठेव.” आईने पलंगावरचे कपडे उचलून मला जागा केली.

मी तिला दोन्ही वाक्यं सांगितली. मी मुलीला बाहेर काढलं होतं आणि तसं करायला बंदी आहे. मुलगी परत जायला मागत होती आणि तिला जाऊ दिलं नाही. हे मी आधी लिहिलं होतं, नंतर काढलं. आईने मध्ये एकदाही थांबवलं नाही. चहा उतू गेला तेव्हा उठून गॅस बारीक केला.

“म्हणजे हिने शनिवारी हो म्हटलं ते पण खरं,” ती म्हणाली, “आणि हे पण खरं.”

मी हो म्हणाले.

“मग लिहून द्या.”

मुलगी मोरीपाशी कप विसळत होती. तिथूनच, न वळता, ती म्हणाली, “नको ना गं आई. बाईंची नोकरी जाईल.” हे तिने कुणाच्याही आवाजात म्हटलं नव्हतं.

आजीने विचारलं, काय झालं. मी चहा घेतला. निघताना आई जिन्यापर्यंत आली आणि पुन्हा म्हणाली, की लिहून द्या. मी देते म्हणाले.

पत्र मी त्याच संध्याकाळी लिहिलं. एक पान, अकरा ओळींची मूळ नोंद जशीच्या तशी, खाली सही. सोमवारी मधल्या सुट्टीत ते मोठ्या बाईंपुढे ठेवलं. त्यांनी सावकाश वाचलं, कपाटातून नोंदवही काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

“द्या. मी आवक क्रमांक घालते. पण मग एकाच प्रसंगाच्या तुमच्या सहीच्या दोन नोंदी होतील. संस्था विचारेल, खोटी कुठली. काय सांगाल?”

मी म्हणाले, दोन्ही खऱ्या आहेत.

“मग मुलीचा दाखला का थांबवायचा? वहीतली खरी आहे ना.” त्यांनी वही मिटली. “आणि तुमच्या पत्रावर चौकशी लागली, तर आधी त्या कडीच्या आतल्या छत्तीस मुलांच्या पालकांना बोलवावं लागेल. मुलीला पोलिसात द्या म्हणणारे दोन-तीन त्यात निघतील. ते हवंय का तुम्हाला?”

त्यांचं शेवटचं म्हणणं खोटं नव्हतं. दम्याचा त्रास असलेल्या मुलाचे वडील आधीच एकदा येऊन गेले होते. आवाज चढवून त्यांनी विचारलं होतं, की पोराला काही झालं असतं तर. मोठ्या बाईंनी त्यांना, त्या मुलीचा बंदोबस्त केलाय, असं सांगून परत पाठवलं होतं.

टेबलावर पत्र आणि वही होती. शिपाई चहा ठेवून गेला. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. पत्र मी परत घेतलं.

आईला मी ते कळवलं नाही. तिचा दोनदा फोन आला, दोन्ही वेळा मी तासावर होते. मी उलट फोन केला नाही.

मार्चमध्ये नववीची परीक्षा झाली. मुलीला मराठीत चौसष्ट गुण मिळाले, ते मी तपासले होते. गणितात आणि विज्ञानात तिला वरून गुण देऊन पास करण्यात आलं. माझी नेमणूक आणखी एका वर्षासाठी पुढे चालली. त्या शिफारशीच्या पत्रात वर्गनियंत्रण उत्तम, असा उल्लेख होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर चौथ्या दिवशी आई दाखला न्यायला आली. क्लार्कनी दाखला आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. माझी नजर चांगली म्हणून ते दाखल्यांचा ताळा माझ्याकडून करून घेत, तसा हाही घेतला. मी जनरल रजिस्टर समोर ठेवून एकेक रकाना जुळवला. नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शेवटची इयत्ता. चूक नव्हती. पुढचे दोन रकाने असे होते. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांच्या विनंतीवरून.

क्लार्कनी दाखल्यावर शिक्का मारला. आईने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि वहीत पोच म्हणून सही केली. वेळ बारा वाजून पाच मिनिटं. मुलगी सोबत आली नव्हती.